खोपोली, सात वर्षांचं टर्मिनस

सोमवार, सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं. डोळ्यांवर झोप, कानात इअरफोन, हातात अर्धवट खाल्लेली पोळीची गुंडाळी. कंपनीची बस आकुर्डीहून निघाली, तळवडे मागे पडलं, इंद्रायणीचा पूल आला आणि बस थांबली. म्हणजे रोजच्यासारखीच थांबली. पुलापलीकडे निघोजे. तिथे आमचं गेट, गेटच्या आत पंचिंग मशीन, आणि त्या मशीनला ट्रॅफिकचं दुःख कळत नाही.

शेजारच्या सीटवर माझा रूमी. आम्ही एकाच फ्लॅटमध्ये राहतो, एकाच बसने येतो, पण गेट वेगळी. मी कंपनीच्या रोलवर, तो ठेकेदाराच्या. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, मग एक ब्रेक, मग पुन्हा अकरा महिने. त्याच्या तोंडी एक वाक्य कायम असतं, ‘‘टेम्पररी आहे रे.’’ खोलीतली गादी जमिनीवर का? टेम्पररी आहे. फ्रिज का घेत नाहीस? टेम्पररी आहे. गावाकडे आईने मुलगी बघून ठेवलीय, तिला भेटायला का जात नाहीस? तेच उत्तर!

मागच्या महिन्यात मात्र ते वाक्य त्याच्या तोंडून वेगळंच निघालं. दोन महिन्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे अडकले होते. सुपरवायझर म्हणाला, ‘‘तुमची टेम्पररी माणसं, फाइल फिरतेय, येतील पैसे.’’ रूमी घरी आला, जेवला नाही, तसाच गादीवर पडून राहिला. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी म्हटलं, चल, कुठेतरी जाऊन येऊ. मॉल नको, मल्टिप्लेक्स नको. ट्रेनने जिथपर्यंत रूळ जातात तिथपर्यंत जाऊ आणि परत येऊ. सगळ्यात स्वस्त पिकनिक!

अशा रीतीने आम्ही खोपोलीला पोचलो.

खोपोलीला तुम्ही शंभर वेळा गेला असाल. म्हणजे खोपोलीवरून गेला असाल. एक्स्प्रेसवेवर ‘खोपोली एक्झिट’ची पाटी वाचली की ओळखायचं, आता घाट लागणार किंवा आत्ताच संपला. पण ट्रेनने जाण्यात गंमत आहे. लोणावळ्यापर्यंत आपली नेहमीची लोकल, तिथून घाट उतरून कर्जत, आणि कर्जतला खोपोलीची लोकल पकडायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी... दोन्हीकडे भाताची खाचरं, डब्यात मोजकी माणसं. मग खोपोली येतं आणि रूळ संपतात. खरोखर संपतात. समोर सह्याद्रीची भिंत, वर बघितलं तर नागफणीचा सुळका. पुढे जायचं असेल तर उतरा आणि आपलं आपण बघा.

रूमी म्हणाला, ‘‘इथपर्यंतच का आणली असेल रेल्वे? पुढे काहीच नाही.’’

प्रश्न बरोबर होता. उत्तर असं आहे, की एके काळी हे सगळ्या लाइनचं शेवटचं टोक होतं. मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस इथेच उतरायचा. खोपोली हे टर्मिनस होतं, आणि तेही टेम्पररी!

तारखा बघा. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ची, ती आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पुढच्या वर्षी १ मे १८५४ला रेल्वे कल्याणला पोचली. आणि १२ मे १८५६ला पळसदरीवरून थेट खोपोलीला. इंग्रज ‘कँपूली’ म्हणायचे. तोवर या गावाची ओळख म्हणजे घाटाचा पायथा. बोरघाट चढण्याआधी दम खायची जागा. नाना फडणविसांनी इथे मोठा तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं होतं, ते अजून आहे. बैल, घोडे, यात्रेकरू, लष्कर, सगळेच इथे पाणी पिऊन वर चढायचे. तलावाच्या गावात आता इंजिन धूर सोडत येऊन उभं राहिलं.

पण पुढे काय? पुढे साधारण अठराशे फूट उंचीचा कडा. १८३० साली सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना घाटात गाडीरस्ता झाला होता, त्यावरून बैलगाड्या जात होत्या. रेल्वेला तो चढ झेपण्यासारखा नव्हता. घाटातली लाइन बांधायला काही वर्षं लागणार हे कंपनीलाही माहीत होतं. जीआयपी रेल्वेने मग दोन्ही बाजूंनी काम सुरू ठेवलं. १४ जून १८५८ला वरची लाइन सुरू झाली, खंडाळा ते पुणे. म्हणजे खाली मुंबई–खोपोली, वर खंडाळा–पुणे आणि मधे नुसताच डोंगर! वरची लाइन तेव्हा दुसऱ्या कुठल्याच रेल्वेला जोडलेली नव्हती. तिथली इंजिनं, डबे, रूळ, सगळं त्या घाटरस्त्यानेच ओढत वर न्यावं लागलं असणार. नुसत्या कल्पनेनेच पाठ दुखते.

आणि प्रवासी? खोपोलीला उतरायचं आणि पालखी, तट्टू किंवा बैलगाडी करून खंडाळा गाठायचं. तिथे पुन्हा दुसऱ्या गाडीत बसायचं. आपण रोज ‘लास्ट माइल’ म्हणून बोंबलतो ना, स्टेशनपासून कंपनीपर्यंत रिक्षा नाही, शेअरवाला जास्त घेतो म्हणून? १८५८ सालचं लास्ट माइल हे असं होतं. विचार करा, एक गाडी आली की किती भोई, किती तट्टूवाले, किती गाडीवान पुढे धावत असतील. ज्याच्याकडे बैलजोडी आहे त्याची चांदी. कोणी सामान राखणारा, कोणी गवत विकणारा, कोणी भाकरी थापून देणारा. गावाला अचानक काम मिळालं, कारण लाइन अपुरी होती.

रूमीला हे सांगत होतो तर तो हसायला लागला. म्हणाला, ‘‘म्हणजे डोंगर फुटेपर्यंतच जॉब!’’

अगदी तसंच. आणि डोंगर फुटत होता. रोज.

घाटाचं काम जानेवारी १८५६मध्येच सुरू झालं होतं. आखणी जीआयपीचे चीफ इंजिनीअर जेम्स बर्कली यांची, ठेका विल्यम फॅविएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराचा. साधारण पंचवीस किलोमीटरची लाइन, २५ बोगदे, आठ मोठे व्हायाडक्ट. चढ इतका, की सगळ्यात कठीण ठिकाणी ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर. यंत्रं जवळपास नाहीत. छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू आणि माणसं. कड्यावरून दोराने लोंबकळत खडकात भोकं पाडणारी माणसं. १८६१ साली घाटात एका वेळी सुमारे ४२,००० माणसं कामावर होती. आजच्या कुठल्याही एका कारखान्यात एवढी माणसं एका वेळी दिसणार नाहीत.

ही माणसं कोणाच्या रोलवर होती? फॅविएलच्याही नाही. खाली पोटठेकेदार, त्याच्या खाली मुकादम, त्याच्या खाली टोळी. ओळखीचं वाटतंय? पैसे वरून निघायचे आणि खाली येईपर्यंत वाटेत जिरायचे. जानेवारी १८५९मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटात दंगल पेटली. चौकशी झाली, तेव्हा पोटठेकेदारांनी मजुरांचे पैसे दिलेले नाहीत हे पुढे आलं. त्याच वर्षी फॅविएलने काम सोडलं. पुढच्या वर्षी, १८६०मध्ये, रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे तंटे मॅजिस्ट्रेटने लवकर सोडवावेत असा कायदा आला. त्या कायद्यात काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षाही होती, म्हणजे एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने घेतलं. पण मजुरी थकवणं हे ठेकेदाराचं खासगी प्रकरण नाही, एवढं तरी सरकारदरबारी मान्य झालं.

फॅविएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल आला. १८५९च्या अखेरीस तो इथे पोचला आणि काही आठवड्यांतच आजाराने गेला. आता काम कोण करणार? त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका स्वतःच्या नावावर चालवला आणि अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनीअरांना हाताशी धरून तो पुरा केला. एकोणिसाव्या शतकात, परक्या देशात, नवरा नुकताच गेलेला असताना! घाटाची गोष्ट सांगताना हिचं नाव आता आवर्जून घेतलं जातं आणि घ्यायलाच हवं. पण आजाराने फक्त साहेब गेला नाही. कॉलरा, ताप, सुरुंगाचे अपघात, कड्यावरून पडणं... यांत हजारो मजूर गेले. त्यांतल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. बर्कलीनेही पुरा झालेला घाट पाहिला नाही, तो १८६२मध्ये वारला. पण त्याचं नाव तरी राहिलं.

२१ एप्रिल १८६३. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते बोरघाटाच्या लाइनचं उद्घाटन झालं. भाषणं झाली असतील, हार घातले असतील. आणि त्याच दिवशी खोपोलीचं टर्मिनसपण संपलं. कारण नवी लाइन खोपोलीतून वर गेलीच नाही! ती पळसदरीपाशी फुटली, डोंगराच्या कडेकडेने चढत खंडाळ्याला गेली. खोपोली बाजूला राहिलं, एका छोट्या फाट्याच्या टोकाला. १२ मे १८५६ ते २१ एप्रिल १८६३, म्हणजे सात वर्षांना तीन आठवडे कमी. एवढंच त्याचं आयुष्य, टर्मिनस म्हणून.

त्या पालखीवाल्यांचं, तट्टूवाल्यांचं काय झालं असेल? त्यांना कोणी नोटीस पिरिअड दिला नसणार.

घाटातल्या दुसऱ्या एका स्टेशनचीही हीच गत. खंडाळ्याच्या जवळ इंग्रजांनी ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ बांधलं होतं. डोंगरात वळण घ्यायला जागा नव्हती, म्हणून गाडी सरळ एका बंद टोकात जायची, इंजिन पुढून काढून मागे लावायचं आणि गाडी उलट्या तोंडाने उरलेला चढ चढायची. मोठी करामत! १९२९मध्ये घाटात नवा मार्ग झाला, विजेची इंजिनं येणार होती, आणि ६६ वर्षांची ती करामत बंद झाली. मुंबईत तर याहून अल्पायुषी नमुना आहे. अंधेरीहून कुर्ला, चेंबूरमार्गे ट्रॉम्बेला जाणारी एक आख्खी रेल्वे १९२८मध्ये सुरू झाली आणि १९३४मध्ये उखडली. साष्टीच्या शेतांतून जाणारी सहा वर्षांची रेल्वे. तिचं इंग्रजी नाव सेंट्रल साल्सेट ट्रॅमवे. कलिन्याचा सीएसटी रोड तुम्हाला माहीत असेल, बीकेसीच्या ऑफिसला जाणारे रोज त्यावर अडकतात. त्यातलं ‘सीएसटी’ म्हणजे बोरीबंदरचं स्टेशन नाही, ही गेलेली रेल्वे!

म्हणजे स्टेशनं येतात आणि जातात. मग आम्ही खोपोलीच्या त्या प्लॅटफॉर्मवर बसून काय शिकलो?

रूमी बराच वेळ डोंगराकडे बघत होता. उतारावरून खाली येणारे मोठे पाइप दिसत होते. ते कसले, म्हणून त्याने विचारलं. मी सांगितलं, ते टाटांचं वीजघर. १९१५ साली सुरू झालं. वर लोणावळ्याला तळी बांधून पावसाचं पाणी साठवायचं आणि सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत आणून जनित्रं फिरवायची. इथली वीज मुंबईच्या गिरण्यांना गेली. ज्या उंचीने रेल्वे अडवली होती, तीच उंची पन्नास वर्षांनी खोपोलीच्या कामी आली.

तो म्हणाला, ‘‘म्हणजे गाव टेम्पररी नव्हतं. फक्त स्टेशन टेम्पररी होतं.’’

मी इंजिनीअर, इतिहास सांगणार मी, आणि फंडा काढला त्याने! पण खरंच आहे. टेम्पररी ती व्यवस्था होती. तिच्यात राबलेली माणसं पूर्ण वेळ जगत होती. पालखी खांद्यावर घेणाऱ्याचा खांदा टेम्पररी नव्हता. आणि ज्यांना काम पुरं झाल्यावर घरी पाठवलं, त्यांनी त्या वेळी उघडलेल्या घाटातून आजही आपल्या गाड्या जातात. मार्ग पुढे सुधारला, पण वाट त्यांनी पाडली. काम कायमचं आणि माणूस तेवढा टेम्पररी, हा हिशोब १८५९मध्येही चुकीचा होता.

येताना कर्जतला गाडी थांबली. पुण्याकडच्या गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात, चढ चढायला. बँकर म्हणतात त्यांना. तेवढ्या वेळात प्लॅटफॉर्मवर दिवाडकरांचा वडा खायचा, हे तुम्हालाही माहीत आहे. हा वडासुद्धा एका अर्थाने घाटाचीच देणगी. चढ नसता तर गाडी थांबली नसती, गाडी थांबली नसती तर वडा एवढा गाजला नसता. रूमीने चार खाल्ले. म्हणजे बरा झाला होता!

घाट चढताना बोगद्यात डब्यात अंधार झाला की तो गप्प व्हायचा. एका बोगद्यातून बाहेर पडल्यावर म्हणाला, ‘‘माझ्याकडे ओव्हरटाइमच्या सगळ्या तारखा लिहिलेल्या आहेत. वहीत.’’

‘‘मग?’’

‘‘मग काही नाही. आहेत.’’

सोमवारी त्याने रजा टाकली नाही, आवाज चढवला नाही. दुपारच्या सुट्टीत एक अर्ज लिहिला. वहीतल्या तारखा, तास, शिफ्ट, सगळं ओळीने. एक प्रत ठेकेदाराला आणि एक, मी सांगितलं म्हणून, कंपनीच्या एचआरला. कारण ठेकेदाराने मजुरी दिली नाही तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात हे लिहिलेलं होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या नव्या कामगार संहितेतही ते ठेवलेलं आहे. आपल्या बसमधल्या अर्ध्या लोकांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं, मी त्या आठवड्यात वाचलं. तुमचा रूमी, तुमच्या लाइनवरचा पोरगा, तुमच्या ऑफिसमधला चहा देणारा काका ठेकेदाराचा असेल तर त्याला एवढं सांगून ठेवा. आणि तारखा लिहून ठेवायला सांगा. वहीत, मोबाइलमध्ये, कुठेही.

बारा दिवसांनी एका महिन्याचे पैसे आले. दुसऱ्या महिन्याची फाइल म्हणे अजून फिरतेय. तो दर सोमवारी जाऊन विचारतो.

आता आमच्याकडे चाकणलाही रेल्वे येणार, असं मी कॉलेजात असल्यापासून ऐकतोय. पुणे–नाशिक सेमी हायस्पीड, २३५ किलोमीटर, नकाशात चाकणचं स्टेशनही होतं. मग नारायणगावजवळ खोडदची मोठी रेडिओ दुर्बीण आडवी आली, मार्गाचा पुन्हा विचार सुरू झाला. एका मित्राने ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ अशी जाहिरात बघून फ्लॅट बुक केला होता. दहा मिनिटं आहेत, स्टेशन नाहीये! खोपोलीचं टर्मिनस सात वर्षं तरी जगलं. आमचं अजून जन्मायचंय.

तोवर आमची बस आहे, पूल आहे आणि पुलावरचं ट्रॅफिक आहे. परवा बस अशीच पुलावर थांबली, तेव्हा रूमीने खिडकीतून खाली बघितलं आणि विचारलं, ही नदी कुठून येते? मी म्हटलं, कुरवंड्याहून. आपण खोपोलीच्या प्लॅटफॉर्मवरून तो नागफणीचा सुळका बघितला ना, त्याच्या माथ्यावरचं गाव. त्या डोंगराच्या एका अंगाचं पाणी खोपोलीकडे उतरतं आणि दुसऱ्या अंगाचं देहू, निघोजे, आळंदी करत इथून जातं.

‘‘म्हणजे एकाच डोंगराखालचे आपण,’’ तो म्हणाला.

मग बस हलली. पंचिंगला चार मिनिटं उशीर झाला. आणि हो, शनिवारी त्याने सेकंडहँड कॉट आणली. चारशे रुपयांना, टेम्पोभाडं वेगळं. गावाला आईला फोनही केला. मी मुद्दाम विचारलं, ‘‘काय रे, टेम्पररी ना?’’

तो म्हणाला, ‘‘कॉट टेम्पररी आहे. पाठ माझी आहे.’’